मोटार बंद, तरी पाणी कमी: ऊन दुष्काळ कसा वाढवतं?

आटपाडी तालुक्यात माझ्या मामांची डाळिंबाची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मामा तळ्याच्या काठावर उभे होते. म्हणाले, "चार दिस झालं मोटार चालू केली न्हाई. कागद कुठं फाटलाय का म्हणून चारी बाजूनं फिरून बघितलं, तर कुठंच न्हाई. मग पाणी गेलं कुठं?" काळ्या कागदावर जुन्या पातळीची पांढरी रेघ उमटली होती. पाणी तिच्या तीन बोटं खाली गेलं होतं.

ते पाणी हवेनं प्यायलं होतं. बाष्पीभवन हा शब्द आपण शाळेतच शिकतो, पण दुष्काळाच्या हिशेबात त्याला क्वचितच कुणी धरतं. किती मिलिमीटर पाऊस झाला, धरण किती टक्के भरलं, किती टँकर सुरू आहेत, एवढंच बातम्यांत येतं. पाणी किती आलं ते आपण मोजतो. उन्हानं किती नेलं ते मोजत नाही. सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात उन्हाळ्याच्या शेवटी जे होतं ते समजायचं असेल, तर हा खर्चाचा रकाना आधी उघडावा लागेल.

एका तळ्यातून किती पाणी उडतं?

आपल्या दुष्काळी पट्ट्यात मे महिन्याच्या कडक उन्हात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास उतरते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद शेततळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर होतो. त्यावरचा एक सेंटीमीटर थर म्हणजे ९,००० लिटर पाणी. टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर रोज जवळजवळ एक टँकर पाणी तळ्यातून उठून आभाळात जातं. गावात एका टँकरसाठी बायका हंडे घेऊन रांगेत थांबतात, आणि बांधापलीकडं तेवढंच पाणी आवाज न करता रोज नाहीसं होतं.

असं तळं तीन मीटर खोल आणि काठोकाठ भरलेलं असेल तर त्यात साधारण बावीस लाख लिटर पाणी मावतं. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत त्यातला तिसरा हिस्सा नुसत्या उन्हानं जाईल, असा माझा हिशेब आहे. झाडाला थेंबही न देता.

हवेला तहान लागते म्हणजे काय?

श्रावणात वाळत टाकलेला सदरा दोन दिवस ओलाच राहतो आणि मेमध्ये तासाभरात कडकडीत वाळतो. श्रावणात हवेचं पोट भरलेलं असतं. मेमध्ये ती उपाशी असते, आणि तापलेली असल्यामुळं तिचं पोट मोठंही झालेलं असतं.

हे पोट मोजता येतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी पेटीभर हवा घ्या. ती ३० अंश सेल्सिअसला असेल तर तिच्यात जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. तीच हवा ४० अंशांवर गेली की ५१ ग्रॅम मावतं. आता धरा, तिच्यात आधीच १५ ग्रॅम बाष्प आहे. ३० अंशांना तिची आणखी १५ ग्रॅमची भूक आहे, ४० अंशांना ३६ ग्रॅमची. तापमान दहा अंशांनीच वाढलं, पण भूक दुपटीहून जास्त झाली. शास्त्रज्ञ या फरकाला 'बाष्पदाब तूट' म्हणतात. मी इथून पुढं 'हवेची तहान' म्हणेन.

ही तहान तळं, कालवा, ओली माती, झाडाचं पान, जनावराची कातडी आणि माणसाचा घाम, सगळ्यांतून भागवली जाते. तापमान थोडं वाढलं की तहान बरीच वाढते, हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ४१ आणि ४३ यांत काय मोठा फरक, असं आपण सहज म्हणून जातो. पिकाला तो फरक फार मोठा असतो.

माठ फुटला की घर तापतं

माठातलं पाणी गार का राहतं? थोडं पाणी छिद्रांतून पाझरतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. बर्फासारखं गार एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच एक लिटरची वाफ व्हायला लागते. वाफेसाठी एवढी उष्णता खर्च झाली, की हवा तापवायला तेवढी कमी उरते.

ओली जमीन हा असाच एक प्रचंड माठ आहे. मातीत ओल असते तोवर उन्हाची बरीच ताकद ती ओल उडवण्यात खर्ची पडते. ओल संपली की तेच ऊन सरळ माती तापवतं, आणि तापलेली माती हवेला तापवते. उसाच्या शिवारातून दुचाकीवर येताना अंगाला लागणारी हवा आणि माळरान लागल्यावर तोंडावर येणारी झळ, हा फरक पलूसकडून विट्याच्या दिशेनं जाणाऱ्या कुणालाही सांगावा लागत नाही.

इथंच दुष्काळाचं चक्र सुरू होतं. जमीन कोरडी म्हणून हवा जास्त तापते. हवा तापली म्हणून तिची तहान वाढते. तहान वाढली म्हणून उरलीसुरली ओल आणखी लवकर जाते. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की उन्हाला आणि वाऱ्याला खालच्या थरापर्यंत वाट मिळते. म्हणून मेच्या शेवटी आलेली लाट मार्चमधल्या लाटेपेक्षा वाईट असते. मार्चमध्ये माठ अर्धा तरी भरलेला असतो.

मग 'उष्णतेची लाट' नेमकी कधी म्हणतात?

नुसतं कडक ऊन म्हणजे लाट नव्हे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंशांवर गेलं पाहिजे आणि ते त्या जागेच्या नेहमीच्या तापमानापेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. फरक ६.४ अंशांच्या वर गेला तर तीव्र लाट. नेहमीचा आकडा काहीही असो, ४५ अंशांना लाट आणि ४७ ला तीव्र लाट धरतात. यातला तोटा असा की एरवीच ३९-४० अंशांत भाजणाऱ्या गावात ४२ अंशांचे आठ दिवस गेले, तरी कागदावर 'लाट' येईलच असं नाही. बागेला मात्र ते आठही दिवस सोसावे लागतात.

लाट येते कशी? सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं तोंड गरम होतं, कारण दाबली गेलेली हवा तापते. कधीकधी मोठ्या प्रदेशावर उंचावरची हवा सावकाश खाली दबत राहते. दबते म्हणून तापते, आणि तिच्या झाकणाखाली ढगही वाढत नाहीत. त्यातच मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या मागेपुढे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि काही क्षण सावली पायाखाली जाते.

माण आणि जत आधीपासूनच कोरडे का?

पंपाचंच उदाहरण इथंही चालतं. अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं, गार होतं आणि पाणी टाकून देतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेच वारं डोंगर ओलांडून पूर्वेला खाली उतरताना दबतं, तापतं आणि कोरडं होतं. माण तालुक्याच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. महाबळेश्वरहून माणमधलं दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. एकाच जिल्ह्यात दहापटीहून जास्त फरक! डोंगराच्या या आडोशाला पर्जन्यछाया म्हणतात. छाया हा शब्द इथं फार क्रूर वाटतो, कारण सावली तेवढी या भागात मिळत नाही.

"पाऊस तर सरासरीइतका पडला होता की!"

हा आक्षेप दरवर्षी निघतो आणि तो खोटाही नसतो. पण सरासरी गाठणारा पाऊस चार दिवसांत कोसळला तर ओढ्यानं निघून जातो. तोच पाऊस वीस दिवसांत रिमझिम पडला तर मुरतो. शिवाय पाऊस सारखाच पडला आणि ऊन जास्त तापलं, तर हातात उरणारं पाणी कमीच. पगार तोच राहिला आणि महागाई वाढली तर महिनाअखेरीला घरात काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्या मोजमापातही यातली एक अडचण आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सातारा जिल्ह्यातून वाई आणि खंडाळा होते, सांगलीतून शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज. माण, जत, आटपाडी यादीत नव्हते! लोक चक्रावले. पावसाचा शिराळा दुष्काळी, आणि जत नाही? पुढच्याच महिन्यात सरकारनं आणखी एक हजाराहून जास्त महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली, तेव्हा यादीबाहेरच्या अनेक गावांना सवलती मिळाल्या.

असं का होतं? २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेत पहिला दरवाजा पावसाचा आहे. पाऊस त्या तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा किती कमी पडला, मध्ये किती आठवड्यांचा खंड पडला, हे आधी पाहतात. तो दरवाजा उघडला तरच पेरणी, पिकांची हिरवळ, जमिनीतली ओल, भूजल हे पुढचे निकष येतात. ज्याची सरासरीच पाचशे मिलिमीटर, त्याला कागदावर दुष्काळी ठरायला आणखी खाली पडावं लागतं. उन्हाचा या पहिल्या दरवाजात विचारच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पाऊस मोजणारी यंत्रणा गावोगाव आहे, तशी बाष्पीभवन मोजणारीही असायला हवी. त्याला लागतं एक उघडं पसरट भांडं आणि एक मोजपट्टी.

"रोहिण्या तापल्या की मृग चांगला"

जुन्या माणसांच्या या बोलण्यात तथ्य आहे. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणूनच मोसमी वारे जमिनीकडं ओढले जातात. पण ओढ असून भागत नाही, समुद्राकडून बाष्पही त्या प्रमाणात आणि वेळेवर यावं लागतं. त्यावर दूरच्या गोष्टींचा ताबा असतो. प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मधला आणि पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा जास्त तापला की त्याला एल निनो म्हणतात, आणि अशा वर्षी आपला मान्सून बऱ्याचदा ओढ देतो. २०२३ मध्ये एल निनो होता. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एल निनो असूनही चांगला पाऊस झाल्याची वर्षं आहेत, तेव्हा त्यावरूनही अगदी छातीठोक सांगता येत नाही. रोहिण्यांवरून तर त्याहून नाही.

"ऊन काय आजचं आहे का?"

नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं त्यांच्याकडून ऐकली की आजच्या अडचणी लहान वाटतात. पण भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढलं आहे. एका अंशाला हवेचं पोट साधारण सात टक्क्यांनी मोठं होतं. म्हणजे आजच्या हवेत पणजोबांच्या काळापेक्षा पाचेक टक्के जास्त बाष्प मावतं. पाचेक टक्के म्हणजे किती, ते ज्याची विहीर एप्रिलअखेरीला तळ गाठते त्याला विचारावं.

झाडाच्या आत काय चालतं?

पानाच्या खालच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं असतात. त्यांतून झाड हवा घेतं आणि वाफ सोडतं. हवेची तहान वाढली आणि मुळांना पाणी मिळेना, की झाड ही तोंडं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार करणं थांबतं आणि पान तापू लागतं, कारण वाफेबरोबर बाहेर जाणारी उष्णता आतच कोंडते. मुळाशी पाणी असलं तरी भर दुपारी पानं माना टाकतात ती यामुळंच. वर जेवढं ओढलं जातं तेवढं खालून पुरवता येत नाही.

तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांचं दुखणं आणखी खोल आहे. माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. नवी काडी फुटते, आणि त्या काडीच्या डोळ्यांतच पुढच्या हंगामाचे घड धरतात. बाहेरून बघणाऱ्याला मेमध्ये बागेत काहीच दिसत नाही, ना फूल ना फळ. पण पुढच्या फेब्रुवारीत जे व्यापाऱ्याच्या क्रेटमध्ये जाणार, त्याचा पाया याच दिवसांत घातला जातो. पाण्याअभावी काडीची वाढ खुंटली, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कळतं की डोळे फुटले पण घड थोडे. तोवर पाऊस पडून शिवार हिरवं झालेलं असतं आणि उन्हाळ्यातला दुष्काळ सगळे विसरलेले असतात. शेतकऱ्यावर पाण्याच्या टँकरचं कर्ज मात्र उभं असतं. बाग जगवायला विकतचं पाणी घालणं हा अनेकांना वेडेपणा वाटतो. एकदा वेल मेला तर पुन्हा मांडवाखाली नवी बाग उभी करायला वर्षं जातात, म्हणून तो पाणी विकत घेतो.

जनावरांचंही असंच. संकरित गाय उन्हानं धापा टाकते, वैरण कमी खाते, दूध आटतं. याच माणदेशातलं खिलार त्यापुढं तग धरतं, पण दुधाचा संसार खिलारावर चालत नाही. ज्यांना दावणीला वैरण पुरेना, त्यांनी २०१२-१३ मध्ये म्हसवडच्या छावणीत जनावरांबरोबर मुक्काम हलवला होता.

"कोयना भरलीय, मग पाणी का नाही?"

कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. पाणी आहे, पण ते खाली आहे आणि दुष्काळी गावं वर आहेत. म्हणून टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांत कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलावं लागतं. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, पाव युनिटहून जास्त वीज लागते. एक एकर दोन इंच भिजवायचं तर दोन लाख लिटर पाणी हवं. मग एकरागणिक, पाळीगणिक आकडा वाढत जातो, आणि वीजबिल थकलं की पंप थांबतात.

तरीही या योजनांनी आटपाडी-कवठेमहांकाळचं रूप पालटलं, हे नाकारणं चूक ठरेल. ते पाणी आपोआप आलेलं नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं १९९० च्या दशकापासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, मोर्चे निघाले, समान पाणीवाटपाची मागणी झाली. आता प्रश्न पाणी आल्यानंतरचा आहे. उसाला हंगामात पंधराशे ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, ज्वारीला साडेचारशे ते साडेसहाशे. एवढ्या कष्टानं चढवलेलं पाणी पाटानं उसात सोडणं मला पटत नाही. पण उसाला हमीचा भाव आहे आणि ज्वारीला बाजारात तसा नाही, तोवर शेतकऱ्याला दोष देणंही मला जमत नाही.

"मग बोअर मारू"

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. वाळूसारखं त्यात सगळीकडं पाणी मुरत नाही. वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या फटींतच काय ते साठतं. फट लागली तर नशीब, नाहीतर पाचशे फुटांवरही नुसता धुरळा निघतो. आणि लागलं तरी ते पाणी बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या विहिरीचंच असतं.

ऊन थांबवता येत नाही, मग हातात काय?

पाणी अडवण्याचं काम या भागानं मनापासून केलं. वॉटर कप स्पर्धेत २०१६ मध्ये कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ मध्ये माणमधलं टाकेवाडी. ते श्रम वाया गेलेले नाहीत. पण अडवलेलं पाणी उघडं राहिलं तर हवा ते पिणारच. म्हणून पुढचं काम सावलीचं आणि झाकणाचं आहे.

मातीवर पाचट, काडीकचरा पसरला की ऊन ओलीपर्यंत पोचत नाही. पाचट पेटवणारा माणूस आपल्याच रानाची चादर जाळतो. पाणी पहाटे किंवा रात्री द्यावं, आणि ठिबकची नळी आच्छादनाखाली असावी. ज्वारीत 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' म्हणतात, त्यामागं हेच आहे. कोळपल्यानं वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात आणि खालची ओल अडकते. शेततळं खोदताना पसरट करण्यापेक्षा खोल केलं तर तेवढ्याच पाण्याला उन्हासमोर कमी तोंड राहतं. वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गवताची दाट ओळ लावली तरी फरक पडतो, कारण वारा हवेची तहान ताजी ठेवतो.

माणसांचंही झाकण सांभाळलं पाहिजे. कोरड्या उन्हात घाम वाळतो आणि अंग गार होतं. वळीव पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तापमान दोन अंशांनी उतरलेलं असतं, पण हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि रानात काम करणाऱ्याला जास्त धोका असतो. आकडा उतरला म्हणून भर दुपारी खुरपायला जाऊ नये.

मामांना मी हे सगळं तळ्याच्या काठावर बसून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग घरात जाऊन एक वेळूची काठी आणली, विळ्यानं तिच्यावर एकेक बोटाच्या अंतरावर खुणा पाडल्या, खाली सिमेंटचा डबा बसवला आणि पाण्यात उभी केली. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "आजचं अर्ध्या बोटाच्या वर गेलं बघ. वहीत लिवून ठिवलंय. आता मृगापतूर रोज लिवतो."